चौदावं दार

बाळासो त्या रात्री भट्टी गल्लीत गेला तो पाटा-वरवंटा आणायला, भूतबीत बघायला न्हवं. हे आधी ध्यानात घ्या. तीस वर्षं फौंड्रीत भट्टीम्होरं उभा राहिलेला गडी, त्याला कशाचं भ्या. माझ्या ओळखीचा हाय, अजून जिता हाय. खोटं वाटलं तर जाऊन विचारा. आदर्श, तो मोबाईल खिशात घाल. ऐकायचं तर नीट ऐक, न्हायतर घरला जा.

साल पंचवीस. फेब्रुवारीची वीस तारीख, गुरुवार. अमावस्या न्हाय, पौर्णिमा न्हाय, साधा गुरुवार.

शाहूपुरीच्या मागल्या अंगाला ती गल्ली होती. होती म्हणायचं, आता काय उरलंय तिथं. चौदा खोल्या एका रांगेत, वर कौलं, एकाची भिंत तीच दुसऱ्याची. निम्मी माणसं फौंड्रीत, निम्मी हमालीवर. बाळासो नवव्या खोलीत जन्मला, तिथंच गोट्या खेळला, तिथंच त्याचं लगीन लागलं. आता सगळी जागा बिल्डरकडं गेलेली, माणसं फ्लॅटांत पांगलेली. शुक्रवारी सकाळी दहाला पोकलॅन लागणार होता. आणि ऐनवेळी धोंडुबाई, म्हणजे त्याची बायको, हटून बसली. "मिक्सरातला ठेचा माझ्या घशाखाली उतरत न्हाय. माझा पाटा आणा. तुमच्या आईचा हाय त्यो."

तर गेला बिचारा. टेम्पोवाला नऊला येतो म्हणलेला. साडेनऊला फोन केला, "आलोच काका, दसरा चौकात हाय." दहाला पण दसरा चौकातच. अकराला फोन बंद. पोराला, यशराजला, फोन लावला तर तो म्हणतो, "पप्पा, मी नाईटला हाय, उद्या बघू." उद्या बघू. ह्या दोन शब्दांनी बाळासोचं आयुष्य खाल्लंय. पाटा एकट्याला गाडीवर न्यायचा तर कंबर मोडायची, दारात ठेवून जावं तर पहाटेला भंगारवाला उचलणार. लाईट तोडलेली. नळ काढलेला. डासं फोडून खात होती. शेवटी वैतागून त्यानं आपल्या नवव्या खोलीच्या दाराला आतनं कडी लावली, पाट्यावरच बैठक मारली आणि टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत बसला.

पण खरा वैताग पाट्याचा न्हवता. खरा वैताग संध्याकाळी आलेल्या फोनाचा.

फोन निसारचा. हातकणंगल्यात असतो, स्टेशनजवळ त्याचं सायकल-मोटारसायकलचं गॅरेज हाय. त्याची आई इमामबी, गल्लीतल्या चौदाव्या खोलीत एकटी राहायची, वाकळा शिवायची. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची. ती जाऊन अकरा वर्षं झाली. खोलीला निसारचं कुलूप, ते त्यानं अकरा वर्षांत काढलेलं न्हवतं. म्हणायचा, काढवत न्हाय. फोनवर म्हणला, "काका, उद्या सकाळी येतो मी. पाडायच्या आधी आईच्या खोलीत दोघं बसू जरा. तुम्ही परत एकदा सांगा, ती काय म्हणली ते."

"निसार, मला तुला जरा..."

"तुम्ही होतासा म्हणून, काका. न्हायतर आईचा शेवटचा आवाज कुणी ऐकला असता." आणि ठेवला फोन.

अकरा वर्षं हेच चाललेलं. बाळासोनं तोंड उघडलं की निसार त्याचे हात धरायचा. दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचा, आणि डबा ठेवला की तेच, "सांगा की काका." एकदा बाळासो मुद्दाम हातकणंगल्यापर्यंत गेला, गॅरेजसमोर उभा राहिला, तर निसारनं शेजारच्याला ओढून आणला. "हे आमचं काका. आईशी शेवटचं हेच बोलले." बाळासो चहा पिऊन परत आला. येताना गाडीवर स्वतःलाच शिव्या घालत होता.

का, ते सांगतो. त्यासाठी पाण्याची पाळी कळली पायजे तुम्हाला. तुम्ही नळ फिरवला की अंघोळ करणारी माणसं.

गल्लीच्या तोंडाला एकच नळ. चौदा खोल्यांत मिळून एक. पाणी यायचं रात्री अडीचच्या सुमाराला, पाऊण तास, आणि बंद. म्हणून रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी त्यानं जागं राहायचं. नळानं खरखर केली की पहिल्या दारापासनं सुरुवात करायची. दर दारावर तीन ठोके. आतनं "उठलो" न्हायतर "उठले" ऐकू आल्याबिगर पुढं हलायचं न्हाय. मग दहा मिनिटं लागू देत. चौदावं दार झालं की माघारी यायचं, आणि मगच पहिली घागर नळाखाली. ज्याच्या घरची पाळी त्याचं दार तेवढं कोण ठोकायचं न्हाय. तो जागाच असतो की. हे कुणी कागदावर लिहिलेलं न्हवतं, पण कुणी मोडलंबी न्हवतं. म्हातारीकोतारी, आजारी, बाळंतीण, सगळ्यांचा रोज रात्री एकदा आवाज निघायचा. कोण बरं हाय, कोण न्हाय, त्यावरनं कळायचं.

चौदा सालच्या एप्रिलात एका रात्री पाळी बाळासोची. फौंड्रीत दोन शिफ्ट सलग ओढून आलेला, हात भाजलेला. त्यात आदल्या रात्री नळावर चाचीनं चारचौघांत त्याला झापलेलं. "बाळासो ठोकतो की दाराला गुदगुल्या करतो? म्हातारीला ऐकू नको जायला, म्हणून हळू ठोकतोय." बायका हसल्या. ते त्याच्या डोक्यात बसलं. आणि खरं सांगायचं तर चाचीचं दार म्हणजे सत्त्वपरीक्षाच. तीनदा ठोका, पाचदा ठोका, मग खोकणार, मग "उठले रे", मग दार उघडून गुडघ्याचं गाऱ्हाणं.

तेरावं दार झालं आणि बाळासो थांबला. चौदाव्याकडं बघितलं. म्हणला, मरू दे, आज न्हाय ठोकत. उद्या बोंबलू दे पाण्यावाचून. आणि माघारी फिरला.

नळावर पूर्णिमानं, पहिल्या खोलीतल्या गणपतरावांच्या सुनेनं, विचारलं, "चाची कुठाय?"

"उठलीया की. येईल."

एवढंच. पाऊण तासानं पाणी गेलं, गल्ली झोपली. सकाळी सातला चाचीचं दार वाजवून वाजवून उचकटलं. अंथरुणातच होती. एक हात तेवढा चटईबाहेर, दाराच्या दिशेला. डॉक्टर म्हणला, रात्रीत कधीतरी गेली. दुपारी निसार आला. गणपतराव म्हणले, "बाळासो, पाळी तुझी. ती उठलेली म्हणालास न्हवं का तू?" सगळी गल्ली बघत होती. बाळासो म्हणला, "व्हय. उठले रे, म्हणली." निसार त्याच्या गळ्यात पडला.

एका दाराचा कंटाळा, दोन शब्दांचं खोटं. झालं. त्या दिवसापासनं त्या माणसाला धड झोप न्हाय.

आता पाट्यावर बसून तो तेच घोकत होता. उद्या सांगायचं. खोली पाडायच्या आधी, तिथंच उभं राहून सांगायचं. आणि मग स्वतःवरच चिडत होता, कारण त्याला ठाऊक होतं, उद्या निसार हात धरणार आणि आपण परत "उठले रे" म्हणणार. बाराच्या पुढं त्याला भिंतीला टेकून डुलकी लागली.

जाग आली तेव्हा मोबाईलमध्ये दोन पस्तीस.

गल्लीच्या तोंडाला खरखर झाली. नळाची असते तशी. पण नळ काढून नेलेला...

मग ठोके. तीन.

बाळासोला वाटलं, कोण दारुडा असंल. तो ओरडणारच होता. तेवढ्यात पहिल्या दाराच्या आतनं आवाज आला.

"उठलो."

गणपतरावांचा आवाज. खर्जातला, ओळखीचा. गणपतराव कोविडात गेलेले. खांदा बाळासोनंच दिलेला.

दुसरं दार. तीन ठोके. जरा थांबणं. "उठले."

तिसरं दार. परत थांबणं. तिथं हमालीवाला ज्ञानू राहायचा, झोपेतनं उठताना आधी जांभई द्यायचा. आधी जांभई. मग "उठलो."

 बाळासोनं पाट्याची कड धरून ठेवली. ठोके पुढं येत होते. घाई न्हाय, गडबड न्हाय. एकेका दाराशी उभं राहून, उत्तर घेऊन.

सहावं.

सातवं.

आठवं. ते शेजारचंच. भिंतीतनं घुमलं ते त्याच्या पाठीत.

"उठले."

आता आपलं.  काय म्हणायचं... उठलो म्हणायचं का गप बसायचं... पावलं दाराशी आली.

आणि पुढं गेली.

दहावं दार वाजलं.

खरं सांगतो, सुटलो असं वाटायच्या ऐवजी त्याला राग आला. असा कसा पुढं गेला. माझंच दार का सोडलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

ज्याच्या घरची पाळी, त्याचं दार ठोकत न्हाईत.

अकरावं. "उठलो."

बारावं. "उठले."

तेरावं... "उठलो."

आणि थांबलं.

चौदाव्याला ठोका न्हाय. पावलांचा आवाज न्हाय. माघारी फिरल्याचा न्हाय. नुसतं थांबलं. सगळी गल्ली उठून बसलीया आणि वाट बघतीया, असं त्याला वाटलं. कुणाची, ते सांगायला नको.

किती वेळ गेला त्यालाबी सांगता येत न्हाय. शेवटी तो उठला. कडी काढली. बाहेर कोण न्हवतं. खिडक्या काढलेल्या, बाकीच्या दारांना बिल्डरची कुलपं, अर्धा चांद वर आलेला. तो चालत गेला. दहावं, अकरावं, बारावं, तेरावं. कुठल्या दाराकडं बघितलं न्हाय.

चौदाव्याशी उभा राहिला. निसारचं कुलूप गंजून काळं पडलेलं.

हात उचलला. तीन ठोके.

गप...

परत तीन.

आत काहीतरी हललं. लांब, मागल्या भिंतीकडं. फरशीवरनं सरकत... थांबलं. परत सरकलं. थोडं जवळ. थांबलं.

"चाची," बाळासो म्हणला. "चाची, मी हाय... बाळासो."

उत्तर न्हाय. नुसतं सरकणं. आणि प्रत्येक वेळी थांबा जास्त लांब.

तो हलला न्हाय. उत्तर आल्याबिगर हलायचं न्हाय, हे त्याच्या हाडात मुरलेलं. एकदाच मोडलं होतं. परत तीन ठोके. परत थांबणं. परत तीन. चार वाजले. पाच वाजले. लांबनं बांग आली. उजाडलं. आतला आवाज कधी बंद झाला, त्याला कळलं न्हाय.

साडेसहाला निसार गाडीवरनं उतरला. बघतो तर काका चौदाव्या दाराशी उभा, हात दारावर, बोटांची सालं निघालेली.

"काका, काय झालं तुम्हाला?" म्हणत त्यानं हात धरायला हात म्होरं केले.

बाळासोनं आपले हात पाठीमागं घेतले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"निसार, त्या रात्री मी ठोकलं न्हाय. तुझी आई काय म्हणली न्हाय. मी खोटं बोललो. नळावर खोटं बोललो, तुझ्याशी खोटं बोललो. तू येत राहिलास आणि मी सांगत राहिलो."

 निसार मारंल असं वाटलं बाळासोला. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण निसारनं खिशातनं किल्ली काढली. गंजलेलं कुलूप, फिरंना. दगडानं ठेचून काढलं. दार आत ढकललं.

खोली मोकळी. अकरा वर्षांची धूळ, बोटभर जाड. उंदराचं पाऊल उमटलेलं न्हवतं तिच्यात. फक्त मागल्या भिंतीपासनं, जिथं चाचीचं अंथरूण असायचं, तिथनं एक पट्टा निघालेला. माणसाच्या अंगाएवढा रुंद. खालची शहाबादी स्वच्छ दिसत होती. पट्टा सरळ दाराकडं आलेला. मधनं मधनं थांबलेला, तिथं धूळ दोन्ही अंगाला ढकललेली.

दाराच्या जरा अलीकडं पट्टा संपला. तिथं पाच बोटं उमटलेली. म्होरं पसरलेली.

निसार गुडघ्यावर बसला.  मग त्यानं त्या बोटांच्या टोकापासनं उंबऱ्यापर्यंत आपला हात पसरून धरला.

एक वीत. बरोबर तेवढंच अंतर उरलेलं.

"ठोकायला पायजे होतं, काका," तो म्हणला. त्यानं वर बघितलं न्हाय.