एका हाकेचा दाखला

सकाळचा चहा निवत आला होता आणि शांतवन ओहोळ यांचा दिवा तिसऱ्यांदा पिवळा झाला होता.

त्यांनी लिहिले होते ते एवढेच : ‘मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ स्त्री. इथे “आई” हे भाषांतर मला अधिक योग्य वाटते.’ वाक्य ‘शब्दपारा’वर उमटले, त्याच्या कडेला बारीक ठिपका पेटला, क्षणभर हिरवा राहिला आणि पिवळा पडला. लगेच खाली रांग लागली.

‘सरांचा दिवा बघा!’

‘स्वतःला पटत नाही ते आमच्या गळ्यात मारताय?’

‘सरांना पुन्हा हळद लागली.’

शब्दपार हे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे ऑनलाइन चर्चापीठ. काही वर्षांपूर्वी तिथे नुसता चिखल होता. खोटी नावे, शिव्या, आणि ग्रीकचे एक अक्षर न येणाऱ्यांनी दिलेले ग्रीकचे हवाले. मग सचोटीदिवा बसवला गेला. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या कॅमेरा टिपायचा, दोन अक्षरांमधला अवकाश कीबोर्ड मोजायचा. मनात एक आणि बोटांत दुसरे असले की माणूस किंचित अडखळतो. ते अडखळणे यंत्र पकडायचे आणि वाक्याशेजारचा हिरवा ठिपका पिवळा करायचे. महिन्याभरात खोटी नावे गळाली. दिवा बसवावा या मागणीवर पहिली सही शांतवनांचीच होती.

आताचा वाद एका हाकेचा होता. लग्नघरी द्राक्षारस संपतो, मरिया येशूला ते सांगते, आणि उत्तर देताना येशू तिला जी हाक मारतो ती जुन्या मराठी भाषांतरात ‘बाई’ अशी होती. शांतवनांची मुलगी सुवार्ता प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी मंडळीच्या शब्बाथशाळेत मुलांना बायबल शिकवायची. तिथल्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले होते, “बाई म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या? येशू आईला असं का म्हणाला?” वर्ग हसला होता. बायबलचे नवे भाषांतर करणाऱ्या समितीने मग ‘आई’ केले आणि खाली टीप दिली. समितीचे प्रमुख शांतवन. येत्या रविवारी नगरला चौदा मंडळ्यांचे प्रतिनिधी मतदान करणार होते. भाषांतर नाकारले गेले, तर एकोणीस वर्षांचे काम कपाटात जाणार होते.

विरोधाचा म्होरक्या अमोस पारखे. शांतवनांचाच विद्यार्थी, ग्रीकमध्ये दोनदा नापास, आणि आता हजारो लोक ऐकतात असा प्रचारक. त्याने लिहिले होते : ‘मूळ शास्त्रात “बाई”च आहे. माणसाने बदलू नये.’ शेजारचा ठिपका हिरवागार, स्थिर.

“मूळ शास्त्र मराठीत होतं का, पप्पा?” सुवार्ता कप उचलत म्हणाली. “आणि तरी दिवा हिरवा!”

“दिवा बरोबर आहे. तो तसं मनापासून मानतो. यंत्र ज्ञान मोजत नाही, खात्री मोजतं.”

“आणि तुमची खात्री?”

“मी ‘वाटतं’ लिहिताना थांबतो. आयुष्यभर शब्दाशब्दापाशी थांबण्याचंच काम केलंय.”

“मग थांबू नका. माझी दुसरीतली पोरं बे चोक आठ म्हणताना अडखळतात का? पाठ करा आणि लिहा.”

“काय पाठ करू?”

“त्या काळी मुलं आईला अशीच आदरानं हाक मारायची. झालं! लोकांना हेच हवंय.”

“तसा दाखला नाही.”

“म्हणजे खोटं आहे?”

“खोटं म्हणता येत नाही, खरंही नाही. ही हाक परक्या बायकांना मारलेली सापडते, राणीलासुद्धा. मुलानं स्वतःच्या आईला मारलेली मला एकाही ग्रंथात दिसली नाही.”

“मग उद्या दिसेल कुठंतरी,” सुवार्ता म्हणाली. “रविवारनंतर.”

शांतवनांनी तिला झिडकारले नाही. सोमवारी दुपारी त्यांनी दिव्याची सरावाची खिडकी उघडली आणि ते वाक्य चाळीस वेळा लिहिले. चाळीसही वेळा पिवळे. मंगळवारी शब्दांचा क्रम बदलून पाहिला. बुधवारी त्यांनी एक दार कल्पनेत आणले, दारात पीठ मळलेल्या हातांची एक बाई, आणि अंगणातून तिला हाक मारणारा मुलगा. गुरुवारी ठिपका हिरव्यात थोडा रेंगाळला. शुक्रवारी तो हिरवाच राहिला. त्या संध्याकाळी जेवताना शांतवनांना वाटून गेले की हे आपण कुठेतरी वाचले आहे; डाव्या हाताचे पान, तळाशी.

शनिवारी त्यांनी वाक्य शब्दपारावर टाकले. ‘त्या काळी मुले आपल्या आईला याच शब्दाने आदराने हाक मारीत.’ हिरवा. हळदीचे विनोद बंद पडले. तासाभराने अमोसने सर्वांसमक्ष लिहिले, ‘सरांचा दिवा पाहिला. मी चुकलो. माझे मत “आई”ला.’

रविवारी भाषांतर मंजूर झाले. अकरा विरुद्ध तीन. पाळकांनी शांतवनांच्या गळ्यात हार घातला.

सोमवारी सकाळी शब्दपारावर अमोसचा खासगी निरोप आला. ‘सर, सलाम. माझ्या मंडळीतले लोक अंगावर आले आहेत. म्हणतात, पोरा, विकला गेलास. मी म्हणालो, सरांचा दिवा हिरवा होता. ते म्हणतात, ग्रंथाचे नाव आण, नाहीतर वेदीवर पाय ठेवू नकोस. तेवढे नाव द्या. तुम्ही मला दोनदा नापास केलेत, पण खोटे कधी शिकवले नाहीत.’

शांतवनांनी कपाटातले ग्रंथ काढले. दुपारपर्यंत डाव्या हाताची सगळी पाने पाहिली. तिथे काही नसणार हे त्यांना ठाऊक होते. तरी प्रत्येक पान उलटताना आता सापडेल असे वाटत होते, आणि त्या वाटण्यानेच ते घाबरले. ते कीबोर्डपाशी येऊन बसले.

“काय लिहिताय?” सुवार्ताने विचारले.

“खरं.”

“पप्पा, मतदान झालंय. पुस्तक छापायला गेलंय.”

“तो माझ्या शब्दावर लोकांपुढे उभा राहिलाय, सुवार्ता.”

त्यांनी लिहिले : ‘अमोस, असा दाखला मला माहीत नाही. मी तुला खोटे सांगितले.’

ठिपका पेटला आणि पिवळा पडला.

त्यांनी ते पुसून पुन्हा लिहिले. पिवळा. शब्द साधे केले. ‘दाखला नाही.’ पिवळा. सुवार्ता खुर्चीमागे उभी होती. तिने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. शांतवनांनी पिवळ्या ठिपक्यासकट निरोप पाठवून दिला.

दोन मिनिटांत फोन वाजला.

“सर, हे काय पाठवलंत?”

“जे आहे ते. दाखला नाही, अमोस. मी पाठ करून लिहिलं होतं. तू मंडळीला सांग, सर खोटं बोलले.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“सर, शनिवारी दिवा हिरवा होता. आज पिवळा आहे. मी काय आंधळा आहे का?”

“अरे, दिव्याचं सोड. मी सांगतोय ना तुला! माझा आवाज ऐक.”

“ऐकतोय. कापतोय तुमचा आवाज.” अमोसने स्वतःचा आवाज खाली आणला, त्यात आता नुसती काळजी होती. “सर, विरोधात मत दिलेल्या त्या तीन मंडळ्यांपैकी कुणी आलंय का घरी? बोलता येत नसेल तर नुसतं ‘हं’ म्हणा. हे तुमच्याकडून कोण वदवून घेतंय?”