काचेच्या नळीतलं बेट

"थांबा! डब्यात काय आहे?" फाटकावरच्या पहारेकरीकाकांनी हात आडवा घातला.

"जेवण. आणि एक केळं," गप्पू म्हणाला.

"केळं इथेच ठेवायचं."

"अहो काका, ही केळ्यांचीच प्रयोगशाळा ना? आणि केळ्यालाच बंदी? म्हणजे शाळेत पोरांना बंदी घातल्यासारखं झालं की!"

"तसं झालं तर सगळ्यात आधी तूच नाचशील!" दादा म्हणाला.

गप्पूने उभ्या उभ्या केळं मटकावलं, साल काकांच्या हवाली केली, नळावर चूळ भरली आणि तिघं आत पळाली. गप्पूची आई या प्रयोगशाळेत काम करायची. दादा आणि त्याची धाकटी बहीण सुट्टीसाठी तिच्याकडे, म्हणजे आपल्या मावशीकडे, आले होते. बहिणीला सगळे मुंगी म्हणत. कुठलाही वास तिला इतरांच्या आधी यायचा आणि ती बोलायची फार कमी, म्हणून हे नाव पडलं होतं.

मावशीने तिघांना पांढरे डगले चढवले, तोंडावर मास्क बांधले आणि एक जड दार हळूच ढकललं.

आत गारवा होता. मंद, दुधाळ उजेड होता. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर काचेच्या नळ्या आणि प्रत्येक नळीत बोटाएवढं केळीचं रोप. शेकडो चिमुकली पानं अगदी निश्चल उभी होती.

"झोपलीत," मावशी कुजबुजली. "गारव्यात ही फार हळू वाढतात. जगभरातल्या केळींची रोपं आहेत इथे."

"पण केळ्यात तर बीच नसतं. मग केळं जगभर गेलं कसं?" दादाने विचारलं.

"रानटी केळ्यात असतं की! दात हलतील इतकं टणक. हजारो वर्षांपूर्वी, न्यू गिनीच्या आसपास, कुणाला तरी कमी बियांचं केळं सापडलं असणार. बी नाही तर पेरणार काय? मग लोकांनी बुंध्याशी फुटलेलं पिल्लू काढून दुसरीकडे लावलं. पिल्लाचं पिल्लू, त्याचं पिल्लू... होड्यांतून ते बेटाबेटांवर गेलं. समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचलं. खूप पुढे आणखी एक महासागर ओलांडून अमेरिकेतही."

"प्रत्येक वेळी कुणीतरी उचलून नेलं?" मुंगीने विचारलं.

"प्रत्येक वेळी."

मुंगी नळ्यांकडे बघत राहिली. बघता बघता तो दुधाळ उजेड पाण्यासारखा हलायला लागला. एक लांबुळकी होडी त्यावरून सरकत होती. होडीत एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर ओल्या पानांत गुंडाळलेलं पिल्लू होतं आणि आपल्या वाटणीचं गोडं पाणी ती त्याला थेंब थेंब पाजत होती. पुढे किनारा दिसत नव्हता, तरी ती...

"ए मुंगे, जागी हो!" गप्पूने तिला कोपरखळी मारली. "आई, ही वरची फळी अशी का गं? सगळी पानं पिवळी!"

मावशीचा चेहरा उतरला. "कसला तरी रोग आलाय, असं आमच्या मोठ्या साहेबांना वाटतंय. आज दुपारी ती फळी जाळायची आहे."

"जाळायची?"

"चूक नाही रे त्यांची. पूर्वी कितीतरी देशांत मळेवाल्यांनी एकाच जातीची केळ लावली होती. मातीतून रोग शिरला आणि मळेच्या मळे बसले. म्हणून शंका आली की जाळायचं, असा नियम आहे." तिने एका नळीला बोट लावलं. "पण ही एका छोट्याशा बेटावरची आहे. तिथल्या बागा वादळात गेल्या. आता जमिनीवर ही जात कुठेच नाही. आहेत ती सगळी रोपं याच फळीवर. दुसऱ्या प्रयोगशाळेत थोडी पाठवायची राहूनच गेली गं माझ्याकडून."

मावशीने घाईने पाठ फिरवली. मुंगी स्टुलावर चढून फळी न्याहाळू लागली.

"मावशी, ही सगळी रोपं एकाच देशातली आहेत?"

"नाही गं, निरनिराळ्या देशांतली. का?"

"मग सगळी एकदम कशी आजारी पडली? आणि खालच्या फळीवर बघ, फक्त या कोपऱ्यातली पिवळी आहेत. पलीकडची हिरवीगार!"

तिने मान वर केली. कोपऱ्याच्या बरोबर वर हवा आत सोडणारी जाळी होती. मान वर करताना मोठ्या मापाचा मास्क घसरून हनुवटीवर आला, आणि मुंगी थबकली.

"केळ्याचा वास येतोय! पिकलेल्या!"

"गप्पूच्या तोंडाचा असेल," दादा म्हणाला.

"मी चूळ भरलीय!"

पण मावशीचे डोळे विस्फारले होते. "पिकणाऱ्या केळ्यातून एक वायू निघतो. त्याने शेजारची फळं पिकतात आणि असली कोवळी पानं पिवळी पडतात. म्हणून तर फाटकावर केळी काढून घेतात! पण ही हवा वरच्या यंत्रखोलीतून येते. तिथे केळी कुठली? किल्लीसुद्धा फक्त साहेबांकडे असते."

ती तडक साहेबांकडे गेली आणि तशीच परत आली. "हसले. म्हणाले, यंत्रखोलीत यंत्रं असतात, बाई!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोड्याच वेळात साहेबांच्या दाराबाहेर मोठमोठ्याने गप्पा सुरू झाल्या.

"काय रे दादा, यंत्रखोलीच्या दाराखालून उंदीर जाईल का रे?"

"सहज! चांगली फट आहे!"

"आणि आत खायला काही गोडधोड असलं तर?"

"मग काय, चंगळच!"

आत खुर्ची करकरली. धाडकन दार उघडलं. "उंदीर? अरे, माझा घड!" साहेब जिन्याकडे धावले. चष्मा सावरत, किल्ली चाचपत! मागोमाग मुलं आणि मुलांमागे मावशी.

कुलूप निघालं आणि उबदार, गोड वासाची लाट अंगावर आली. मुंगीने क्षणभर डोळे मिटले. पंख्यामागे गोणपाटात गुंडाळलेला अख्खा घड होता. सोन्यासारखा पिवळा!

साहेब पायरीवर मटकन बसले. "भावाने मळ्यातून पाठवला. घरी पिकेना. इथे ऊब छान... फाटकावरचा नियम मी केला, आणि मीच..."

"साहेब, शंका आली की जाळायचं ना?" गप्पूने गंभीर चेहऱ्याने विचारलं. "घड जाळू?"

"अरे बाबा, घड नको जाळू! फाटकाबाहेर न्या आणि खाऊन टाका सगळे!"

"आणि फळी?" मुंगीने विचारलं.

"फळीला कुणी हात लावायचा नाही. वाट बघू."

मुलं रोज येत होती. पिवळी पानं पिवळीच राहिली. गप्पूसुद्धा त्या खोलीत गप्प बसायचा. सुट्टी संपत आली तेव्हा एका सकाळी मुंगीला बेटावरच्या केळीच्या पोटातून काहीतरी डोकावताना दिसलं. सुईच्या टोकाएवढं, गुंडाळलेलं, हिरवं.

"मावशी!" ती नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्याने ओरडली.

साहेबांनी भिंग लावून निरखून पाहिलं. "आम्ही सगळे पिवळी पानं बघत बसलो," ते म्हणाले. "कुठली पानं हिरवी राहिली, ते हिने बघितलं. शाबास, पोरी! आणि तुम्हीही, उंदीरमामांनो!"

मावशीने तिघांनाही जवळ ओढलं. मग ती लगेच कामाला लागली. बेटावरच्या केळीच्या काही नळ्या तिने कापसात बसवल्या, दोन वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांसाठी. खोकी गाडीपर्यंत न्यायचं काम मुंगीचं.

"काय आहे गं यात?" गाडीवाल्या काकांनी हात पुढे केले. "इतकी जपून देतेयस ती?"

"बेट आहे, काका," मुंगी म्हणाली. "उभं धरा."