सातवा नमुना

टक्.

आवाज बारीकच होता, पण परीक्षणशाळेत इतकी शांतता होती की तिघांनीही माना वर केल्या. मिक्सर फार तापला की त्याच्या तळाचं लाल बटण आपोआप बाहेर येतं आणि मोटार थांबते. प्रत्येक स्वयंपाकघराला हा आवाज ठाऊक असतो.

"गेला," शिकलगारकाका म्हणाले. "आजचा तिसरा."

"गेला नाही हो आजोबा, दमला," जमिनीवर बसलेली जुई म्हणाली. ती पाच वर्षांची होती. पाळणाघराला सुट्टी म्हणून ती आज आईबरोबर आली होती आणि जुन्या मिक्सरांच्या खटक्यांचे रंगांप्रमाणे ढीग लावत होती.

शाल्मलीने घड्याळ पाहिलं. साडेदहा. चार वाजता गाडी निघणार होती.

नव्या मोटारी मिळेनाशा होऊन आता नऊ वर्षं झाली होती. तांबं महागलं, मग दुर्मिळ झालं, आणि एक दिवस लोकांच्या लक्षात आलं की देशातली सगळ्यांत मोठी खाण माळ्यावर आणि पलंगाखाली आहे. बंद पडलेले मिक्सर, ओव्हन, पिठाच्या घरगुती चक्क्या. त्यातून काढलेल्या चांगल्या भागांना सरकारी कागदांत पुनर्भाग म्हणत. ते पारखून, सुरक्षित ठरवून पुढे पाठवायचं काम मिरजेच्या या परीक्षणशाळेत चाले. शाल्मली तिची प्रमुख होती आणि सिकंदर शिकलगार तिचे हात होते. चाळीस वर्षं मिक्सर दुरुस्त करून ते इथे आले होते. बंद मोटारीला कान लावून, दांडा बोटाने फिरवून ते तिची अर्धी कुंडली सांगत.

आज निरोप पूर्वेकडच्या एका छोट्या प्रसूतिगृहातून आला होता. जन्मल्याबरोबर बाळाच्या घशातला चिकटा ओढून काढणारे दोन शोषणपंप तिथे होते. एकाची मोटार जळली होती. दुसऱ्यावर अकरा खाटांचा भार होता, आणि तोही कुरकुरत होता. मिक्सरची मोटार त्या पंपाला बरोबर बसे, पण तीन मोटारी तपासून तिन्ही नापास झाल्या होत्या.

"चौथी कुठून आणायची?" शाल्मली म्हणाली.

"ही काय, आणली की," दारातून आवाज आला. प्रणिताबाई, शाल्मलीची आई, कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या होत्या. "सकाळी फोनवर रडकुंडीला आली होतीस ना? हा घे. माझ्या रुखवतातला आहे. अडतीस वर्षांत एकदाही दुरुस्तीला गेला नाही."

"एकदाही माझ्या दुकानात आला नाही, एवढंच माझं दुःख आहे, बाई," काका म्हणाले. प्रणिताबाई शाळेत विज्ञान शिकवत. काकांची मुलगी रेश्मा त्यांच्याच हाताखाली शिकली होती, त्यामुळे त्या सगळ्यांच्याच बाई होत्या.

काकांनी मिक्सरचा तळ उघडला. दांडा फिरवला, डोळे मिटले. "वाहवा," ते हळूच म्हणाले. "लोण्यातून फिरतोय. ताई, हा घ्याच."

"वाचन झाल्याशिवाय नाही, काका."

"ते वाचन म्हणजे काय, ते आज नीट सांग बघू," प्रणिताबाईंनी स्टूल ओढलं. "सातवीच्या वर्गाला सांगतात तसं."

शाल्मली हसली. मोटारीच्या पोटातलं तारेचं वेटोळं तिने आईला दाखवलं. "तांब्याच्या तारेवर वार्निशचा लेप असतो. त्याच्यामुळेच वीज तारेत राहते, आपल्या अंगात येत नाही. तार तापली की लेप किंचित कडक होतो आणि थंड झाल्यावर पुरता पूर्ववत होत नाही. प्रत्येक ताप आपली खूण ठेवून जातो. ही झाली तापस्मृती. दर पावसाळ्यात दमट हवेची एक फिकट रेघ उठते, त्यामुळे वर्षंही मोजता येतात."

"झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं."

"तसंच. आमचा तापवाचक प्रकाशाच्या सुईने तो लेप थराथराने वाचतो. मोटार कधी, किती वेळ, किती तापली ते सगळं. कारण वरून चकचकीत दिसणारी मोटार आतून संपलेली असू शकते. दर दहा अंश जास्त तापायचा अवकाश, लेपाचं आयुष्य निम्मं होतं. अशी मोटार आपल्या ओट्यावर बंद पडली तर चटणी राहते. पंपात बंद पडली तर..." जुई ऐकत होती, म्हणून तिने वाक्य सोडून दिलं.

सुई वेटोळ्याच्या कडेवर टेकली. पडद्यावर पट्टा उमटू लागला, डावीकडून उजवीकडे, अडतीस वर्षांचा. सुरुवातीचा भाग फिकट, स्वच्छ. मग एकाएकी गडद. मग पुन्हा फिकट, शेवटपर्यंत. पट्ट्याखाली यंत्राने आपला निकाल लिहिला.

सातवा नमुना. निष्काळजी वापर. संपूर्ण मोटार बाद.

जुईचे खटके तेवढे वाजत होते.

"निष्काळजी?" प्रणिताबाई म्हणाल्या. "मी?"

"आई, यंत्र म्हणतंय."

"आणि यंत्राला तो शब्द कुणी शिकवला?"

काकांना खोकला आला. तो शब्द शाल्मलीनेच शिकवला होता, सहा वर्षांपूर्वी. वापराचे नऊ नमुने तिने ठरवले होते आणि त्यांतला सातवाच तिला कधी नीट उलगडला नव्हता. मोटार थोडा वेळच चाललेली, दळलेलंही थोडंच, तरी ताप भलताच. भार नाही आणि ताप आहे, म्हणजे आत काहीतरी अडकत असणार, दांडा वाकलेला असणार, आणि घरातल्यांनी लक्ष न देता तशीच रेटली असणार, असं तिने अनुमान काढलं. अशा मोटारीतला कुठलाच भाग विश्वासाचा नाही. तिने नियम केला: सगळी बाद.

"हे काळं कुठल्या वर्षांतलं?" आईने विचारलं.

शाल्मलीने रेघा मोजल्या. "पहिली पाच वर्षं स्वच्छ. सहाव्यात एकदम सुरू होतं. रोज, न चुकता. अडीच वर्षं. मग एकदम थांबतं."

"लग्नानंतर पाच वर्षांनी," प्रणिताबाई पुटपुटल्या, आणि मग त्या हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, वाकळ!"

"काय?"

"वाकळ घालायचे मी त्याच्यावर! एक खोली आणि स्वयंपाकघर, मधे पडदा. आणि तू म्हणजे अशी, चमचा पडला तरी टक्क जागी. मला साडेसहाला शाळा. शेंगदाण्याचं कूट, चटणी, काही ना काही वाटायला लागायचंच. मग आईची जुनी वाकळ चौपदरी करून मिक्सरवर घालायची आणि वरनं असं दोन्ही हातांनी कवटाळून धरायचं." त्यांनी रिकामी पिशवी छातीशी धरून दाखवलं. "आवाज आतल्या आत. टक् करून बंद पडला की उलटा करायचा, लाल बटण दाबायचं, पुन्हा वाकळ. अडीच वर्षं. मग तुझी झोप घट्ट झाली."

काका हातातला पाना धरून तसेच उभे होते. "आमच्यात रेश्माची आई, जमिला, चादर गुंडाळायची," ते म्हणाले. "मी ओरडायचो, अगं हवा कोंडतेय, मोटार भाजेल. तर म्हणायची, भाजू दे, तुम्ही दुरुस्त करा. पोरगी उठली तर ती काय तुम्ही दुरुस्त करणार?" ते थांबले. "चाळीस वर्षं हे काम केलं मी. सातवा नमुना रोज बघतोय. घरातली गोष्ट, आणि इथे आठवली नाही."

शाल्मली पट्ट्याकडे पाहत राहिली. तो गडद तुकडा म्हणजे ती स्वतः होती. तिची झोप, तारेत साठलेली. पण समोर अकरा खाटा होत्या.

"आई, गोष्ट खरी असेल," ती म्हणाली. "पण गोष्टीवर पंप चालवता येत नाही."

"मग पडताळून बघ. मी तुला हेच शिकवलंय ना?"

शाल्मलीने फळ्यावर दोन चौकोन काढले. "काका, समजा दांडा अडकत होता. मग उष्णता आत तयार होते आणि बाहेर जायचा प्रयत्न करते. वेटोळं आतून जास्त भाजेल, बाहेरून कमी. आणि मधला फिरता भाग तर सगळ्यांत आधी भाजेल."

"बरोबर. आर्मेचर काळं पडतं."

"आता समजा, आत काही अडकत नव्हतं, फक्त वाट बंद होती. मग बाहेरची बाजूही आतल्याइतकीच तापेल. फिरता भाग मात्र आपल्यापुरती हवा ढवळत राहतो, तो वाचेल. आपण वेळ वाचवायला फक्त बाहेरच्या कडेवर वाचत आलोय. एकाच ठिकाणी. तिथे दोन्ही ताप सारखेच दिसतात."

तिने सुई तीन वेगवेगळ्या खोलीवर लावली आणि मग फिरत्या भागावर. एकेक वाचन यायला दहा मिनिटं लागत. त्या चाळीस मिनिटांत काकांनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरले.

बाहेर गडद. मध्यात तितकंच गडद. आतही तितकंच. फिरता भाग फिकट, जवळजवळ नव्यासारखा.

काकांनी दांडा ज्यात फिरतो तो बुश काढून मापला, दांडा सरळपट्टीवर लोळवला. झीज नाही म्हणायची इतपतच. हलक्या हाताने, थोडं थोडं वाटणाऱ्या बाईचा मिक्सर होता तो. बाहेरचं वेटोळं तेवढं भाजलं होतं आणि ते एकटंच.

"सकाळच्या पहिल्या मोटारीचा दांडा गेलाय, पण वेटोळं ठणठणीत आहे," काका म्हणाले. "माप एकच. ते इकडे बसवू?"

"बसवा."

मग शाल्मलीने त्यांना काम करताना पाहिलं. रोज पाहत होती, पण आज जणू पहिल्यांदा. प्रत्येक स्क्रू काढून ते बशीत काढल्या क्रमाने ठेवत. जुनी वायर दिसायला चांगली होती तरी कापून बाजूला टाकली. तिथे ते कधी दया दाखवत नसत. वेटोळं बसवताना तारेला नख लागू नये म्हणून बोटांना सुती चिंधी गुंडाळली. मेगर लावून वीज कुठे अंगावर फुटत नाही ना ते तीनदा पाहिलं. अडतीस वर्षांचं लाल बटण मात्र त्यांनी तेच ठेवलं. आधी मुद्दाम जास्त भार देऊन पाहिला. टक्. पुन्हा. टक्. दहाच्या दहा वेळा नेमक्या त्याच अंशावर.

"याच्याइतकं इमानी कोणी नाही," ते म्हणाले. "इतक्या वेळा नाही म्हणालं, एकदाही चुकलं नाही."

जोडलेली मोटार पूर्ण भारावर तास-दोन तास चालवायची, असा नियम होता. शाल्मलीने दोन ठरवले. चौघंही त्या घरघरीपाशी बसून राहिली, एका आवाजाची वाट बघत, जो यायला नको होता. तो आला नाही. चारला पाच मिनिटं कमी असताना काकांनी मोटार लाकडी पेटीत घातली, आणि प्रणिताबाईंनी कापडी पिशवीची घडी करून तिच्याभोवती खोचली.

गाडी गेल्यावर शाल्मली म्हणाली, "सातव्या नमुन्याच्या सहाशे बारा मोटारी बाद केल्यात मी. सगळ्या वितळवायला गेल्या."

काका छताकडे बघू लागले.

"काका?"

"गेल्या नाहीत. मागच्या गोदामात आहेत. पोती घालून ठेवल्यात." त्यांनी अपराध्यासारखे हात पुसले. "आवाज चांगला होता ताई त्यांचा. टाकवेनात."

शाल्मलीने वाकून त्यांना नमस्कारच केला. "अहो, काय हे," म्हणत ते गडबडीने चहाचे कप उचलून निघून गेले.

मग तिने यंत्रातला तो शब्द खोडला. निष्काळजी वापर. त्या जागी काय लिहायचं, यावर आई-मुलीचं थोडं भांडण झालं आणि शेवटी शाल्मलीने लिहिलं: नीजताप. बाहेरचं वेटोळं बदलावं. बाकी भाग उत्तम असण्याचा संभव.

जुई तिच्या मांडीवर चढली. पडद्यावर ते सहाशे बारा पट्टे एकाखाली एक सरकत होते. "हे काळं काळं काय आहे?"

"तिथे एक बाळ झोपलंय," शाल्मली म्हणाली. "आणि त्याची आई आवाज न करता स्वयंपाक करतेय."

जुईला हा खेळ फारच आवडला. ती बोट ठेवून मोजू लागली. "इथे एक बाळ. इथे दोन, एक आधी, एक नंतर. हे बघ आजी, इथे तीन! आणि हे बाळ खूप वर्षं झोपतच नव्हतं."

"तुझ्या आईवर गेलेलं," प्रणिताबाई म्हणाल्या.

शाल्मलीही पाहत होती. सहाशे बारा घरं, एकमेकींना न ओळखणाऱ्या सहाशे बारा बायका, आणि प्रत्येकीला स्वतःशीच तीच युक्ती सुचलेली. कुणी शिकवली नव्हती. कुठल्या पुस्तकात नव्हती. तारेशिवाय कुठे लिहिलेलीही नव्हती.

जुईचं बोट एका पट्ट्यावर थांबलं. बराच मोठा पट्टा, फिकट. त्यात एकच गडद रेघ होती, केसाएवढी. शाल्मलीने सवयीने मोजलं. एकोणीस दिवस. त्यापुढे महिनाभर काहीच नव्हतं, मोटार चाललीच नव्हती. मग पुन्हा फिकट, उघड्यावर चालणाऱ्या मिक्सरचा पट्टा. वर्षांमागून वर्षं, शेवटपर्यंत. पुन्हा वाकळ कधीच नाही.

प्रणिताबाईंनी हळूच नातीच्या पाठीवर हात ठेवला.

जुईने मान वर करून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, ह्या घरातलं बाळ एवढ्या लवकर कसं गं मोठं झालं?"