फियाटच्या टाकीतली धाप

पटत नसेल तर वाचू नका. पण थापा म्हणायच्या असतील, तर आधी उंब्रजला जा. हायवेच्या कडेला मोहसीनचं गॅरेज विचारा आणि त्याच्या तोंडावर म्हणा.

पाना घेऊन अंगावर येईल तुमच्या.

हे घडलं गेल्या वर्षी, मे महिन्यात. पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या रस्त्याला. रात्रबित्र काही नव्हती. टळटळीत ऊन होतं.

मोहसीनच्या दोस्ताचा, वीरधवलचा फोन आला.

"मोहसीन, चढाला फियाट बंद पडली. अंजना हाय संगं. लगीच ये."

मोहसीननं हातातला पाना टाकला. ती फियाट वीरधवलच्या वडलांची, नानासोंची. दारात नवी बोलेरो उभी. पण घराची रीत अशी, की पहिल्या बाळंतपणाला सुनेला माहेरी पोचवायची ती फियाटमधूनच. बोनेटला हार घालून. चार गावांनी बघितलं पाहिजे ना!

नानासोंना दमा होता. आदल्या हिवाळ्यात धाप उसळली, तेव्हाही या दिवट्या वीरधवलनं त्यांना बोलेरोत नाही, फियाटमध्येच घातलं. मालकाला मालकाच्या गाडीतनंच न्यायचं म्हणे. कराडच्या अलीकडं गाडी बंद पडली. पेट्रोल वर येईना. नानासो मागच्या सीटवर हवेसाठी तोंड वासत गेले.

आणि आता त्याच सीटवर त्यानं दिवस भरत आलेली बायको बसवली होती.

मोहसीन मोटरसायकलवरून पोचला. अंजना घामाघूम झाली होती. वीरधवल गाडीला लाथा घालत होता.

"टाकी भरलीय गड्या. पंप नवा टाकलाय तूच. तरी ही रांड चालंना."

"तोंड आवर. वैनी बसल्यात."

मोहसीननं कार्बोरेटरकडं जाणारा पाईप सोडला. "स्टार्टर मार."

इंजिन नुसतं फिरलं. पाईपातून थेंबही नाही.

मग त्यानं मोटरसायकलमधून बाटलीत पेट्रोल घेतलं आणि नळी थेट कार्बोरेटरला लावली. स्टार्टर मारताच गाडी झक्कास चालू झाली. म्हणजे इंजिन धडधाकट. दुखणं मागं. टाकी नाहीतर टाकीकडून येणारी लाईन.

बाटली संपली. इंजिन थांबलं.

सगळं शांत झालं...

तेव्हा अंजना बोलली.

"मोहसीनभाऊ, सीटच्या मागं कोणतरी धापा टाकतंय."

फियाटची टाकी डिकीत असते. मागच्या सीटच्या पाठीशी.

"पेट्रोल तापलंय, त्याचा आवाज," वीरधवल खेकसला. "उगं भ्याऊ नगंस."

"आवं, मला मामंजींचा आवाज कळत न्हाई व्हय?"

मोहसीन परत बोनेटकडं वळला.

लाईन तुंबली का बघायची जुनी पद्धत आहे. पंपापाशी पाईप सोडायचा, तोंड लावून टाकीकडं फुंकायचं. टाकीत बुडबुडे वाजले की लाईन मोकळी.

"टाकीचं झाकण काढ, कान लाव," मोहसीन म्हणाला आणि त्यानं फुंकलं.

"वाजतंय रं! लाईन मोकळी हाय."

मोहसीन तोंड काढणार, तेवढ्यात...

पाईपातून उलटी फुंकर आली.

कोमट. ओलसर. पेट्रोलचा वास नाही. दम्याच्या औषधाचा.

आणि मग ओढ सुरू झाली. तिकडून कुणीतरी श्वास घेत होतं. मोहसीनच्या छातीतला. त्याचे ओठ पाईपाला चिकटले. गाल आत गेले. डोळ्यांपुढं अंधारी आली. मदतीला हाक मारायची, तर हाक मारायला आत हवाच नाही.

हाताला पक्कड लागली. त्यानं पाईप तोडला आणि मागं पडला.

मागं अंजनाही गळा धरून बसली होती. ओठ निळे.

मोहसीननं वीरधवलला ढकलून दार उघडलं. तिला बाहेर ओढलं. रस्त्यावर आल्यावर तिचा श्वास परत आला.

"माझ्या बायकूला हात लावतोस?" वीरधवलनं त्याची कॉलर धरली.

"मागनं मार मला. आधी तिला एसटीत बसव."

कोयनानगरची एसटी आली. अंजना तिच्यात चढली. नवऱ्याकडं तिनं वळूनही बघितलं नाही. माहेरी तिला मुलगा झाला. फियाट दोरखंडानं ओढत घरी नेली. तोडलेल्या पाईपासकट.

इथं संपलं असतं तर मोहसीन आज नीट झोपला असता.

पावसाळ्यात वीरधवल गॅरेजवर आला. खुशीत होता.

"तुझी कारागिरी फुकट गेली बघ. रोज पहाटं गाडी आपनहून चालू हुती. नानांचा जीव हाय तिच्यात."

"पाईप जोडलास?"

"न्हाई. तू तोडलास तसाच लोंबतोय."

"मग ती चालती कशावर?"

"आरं, चालती ना! मग झालं. आता पोराला आणाय हीच घेऊन जाणार."

मोहसीन पहाटे त्याच्या अंगणात गेला. डोळ्यांनी बघायला. किल्ली खुंटीला होती. पाईप लोंबत होता. कार्बोरेटर कोरडा ठाक.

आणि इंजिन चालू होतं...

धडधड नव्हती ती. आत ओढल्यासारखा आवाज. मग बाहेर सोडल्यासारखा. थांबायचं. परत ओढायचं.

त्यानं गॅरेजातनं आणलेला घण उचलला. हिचा एकदाचा चुराडाच करायचा.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

अंजना होती. रडत होती.

"मोहसीनभाऊ, यांचा फोन लागंना. म्हनून तुमाला लावला. बाळाला परत धाप लागलीया. रोज ह्याच वक्ताला लागती. डागदरला काय सापडंना."

फोनमधून बाळाचा श्वास ऐकू येत होता. आत ओढल्यासारखा. मग बाहेर सोडल्यासारखा. थांबायचं. परत ओढायचं.

एका कानात बाळ. दुसऱ्या कानात इंजिन.

एकाच तालात.

मोहसीनच्या हातात घण तसाच राहिला. गाडी बाळाचा श्वास ओढत असली, तर फोडायलाच हवी. पण गाडीच त्याला श्वास पुरवत असली तर?

त्यानं घण खाली ठेवला.

वीरधवलला त्यानं यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मूर्ख त्याचाही अभिमान मिरवील. आता रोज पहाटे मोहसीन त्या अंगणात जाऊन उभा राहतो. गाडीला हात लावत नाही.

नुसता ऐकतो... ती मधेच बंद तर पडत नाही ना.