लाखबंद गडू

बसा रे नीट. लाईट बारानंतर येणार, तोवर मोटार काही चालू होत नाही. आणि त्या उसाच्या कडेला बसू नका. बिबट्याला तुमची ओळख नाही.

भुताची गोष्ट हवी म्हणता? मी जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं, की भूत नसतं. अजूनही तेच सांगतो. पण कपिलची गोष्ट सांगतो. बोरी बुद्रुकचा कपिल, जीप चालवायचा तो. माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून खोटं बोलायचंच सोडून दिलं होतं त्यानं.

कपिलच्या वडिलांची, खंडूदादांची, किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. तेव्हा आपल्याकडं कुठलं आलंय मशीन! पहाटे निघायचं, दिवसभर नळ्या लावून पडायचं, रात्री घरी. त्याच जीपमध्ये शेजारच्या राजुरीचे सावळारामबाबा असायचे. त्यांचाही तोच आजार. सोबत त्यांचा मुलगा कुंडलिक. खंडूदादा बौद्ध, सावळाराम गळ्यात माळ घालणारे. पण मशीनला जोडलं की दोघांचं रक्त एकाच रंगाचं, असं खंडूदादाच हसून म्हणायचे.

त्या आजारात सगळ्यात वाईट काय, माहितीये? तहान. पाणी मोजून प्यायचं. दिवसाला एवढंसं. जास्त झालं की अंगावर सूज, छातीत पाणी, श्वास कोंडतो. सावळारामबाबा उपरण्याचं टोक भिजवायचे आणि ते चोखत बसायचे. चुक्... चुक्... जीपभर तो आवाज. आणि मधूनच विचारायचे, "किती राहिलं, राव?" कपिल सांगायचा, आलंच बाबा.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात खंडूदादांनी घरी सगळ्यांना बसवून सांगितलं, "आता मशीन बास. मला शुद्धीवर मरायचंय, आपल्या घरात. मागं काही विधी नको, मला ते पटत न्हाई. बुद्धाच्या फोटोसमोर टाका, त्रिशरण म्हना, आन् पोटभर पानी द्या."

कपिल रडला, भांडला. शेवटी ऐकलं. चार-पाच दिवसांनी दादा गेले. शेवटच्या दिवशी कपिलनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाला तांब्या लावला आणि म्हणाला, "सावकाश घ्या, दादा. घाई न्हाई." तांब्या संपवून दादा गेले. त्यांचा चेहरा असा होता, की मयताला आलेली माणसं बाहेर येऊन बोलायची, मरण यावं तर असं.

सावळारामबाबाही आले होते मयताला. कुंडलिकच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. तिथंच म्हणाले, "कुंडल्या, मला बी असंच."

त्यांच्या देवघरात एक तांब्याचा गडू होता. तरुणपणी काशीहून गंगेचं पाणी भरून आणलेला, तोंडाला लाख लावून बंद केलेला. तो कधी फोडायचा हे तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस जायला लागला की खाटेवरून जमिनीवर घ्यायचं, आणि मुलानं गडू फोडून तोंडात पाणी घालायचं. बाबांचं दुसरं मागणंच नव्हतं. दवाखान्यात नको, मशीनवर नको. आपली जमीन, आपला मुलगा, आपला गडू.

कुंडलिक वाईट नव्हता हो. बापावर जीव टाकणारा. पण मशीन बंद करायचं म्हणजे आपण बापाला मारलं, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. "गाव तोंडात शेन घालंल," म्हणायचा. आणि गडू फोडणं म्हणजे तर आशाच सोडणं. गडू उघडला की माणूस गेला! त्यानं तो देवघरातून काढून धान्याच्या कणगीमागं लपवून ठेवला.

दिवाळी झाली. एका रात्री बाबांना श्वास लागला. कुंडलिकनं कपिलला बोलावलं. बाबा हात जोडत होते, "नको रे न्हेऊ. जमिनीवर घे मला." कुणी ऐकलं नाही. चिमाबाईंनी, बाबांच्या बायकोनं, निघताना गुपचूप तो गडू शोधून पिशवीत टाकला. एवढंच तिच्या हातात होतं.

मंचरच्या अलीकडं बाबांनी पिशवीकडं बोट करून मागितलं. "गडू... फोड आता."

कुंडलिक म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी पानी बंद सांगितलंय. मशीनवर बसा, मग देतो."

"पोरा, मशीन न्हाई आता... घोटभर..."

कुंडलिकनं उपरण्याचं टोक भिजवून त्यांच्या तोंडात दिलं. कपिल आरशात बघत होता. त्यानं एकदा तोंड उघडलं, "कुंडलिकभाऊ, द्या की," म्हणाला. कुंडलिक खेकसला, "तू गाडी चालव!"

चुक्... चुक्... आणि मग आवाज थांबला.

टोक तोंडातच होतं.

धावपळीत पिशवी उलटली, गडू कुठं गेला कुणाला कळलं नाही. दहाव्याला कावळा शिवेना. उन्हं डोक्यावर आली. कुंडलिक हात जोडून काय काय कबूल करत होता, पण झाडावरचा कावळा काही खाली येईना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून उरकलं. असं उरकलेलं मला तरी कधी बरं वाटलेलं नाही.

आता ऐका. मार्गशीर्षातली अवस होती. सोमवार.

संध्याकाळी कपिलच्या जीपचं चाक पंक्चर झालं. जॅक काढायला त्यानं मागच्या सीटखाली हात घातला, तर हाताला थंडगार काहीतरी लागलं. गडू! लाख शाबूत. हलवला तर आत पाणी डुचमळलं. दुसऱ्या दिवशी त्याला भल्या पहाटे पुण्याचं भाडं होतं. म्हणाला, आत्ताच राजुरीला देऊन येतो.

त्याची आई द्रौपदा म्हणाली, "अवस हाय आज. उद्या दे."

कपिल हसला. "आई, आपन कधीपासून अवस पाळाय लागलो?"

"आपन न्हाई पाळत, बाबा. पर सामान त्येंचं हाय. त्ये पाळत्यात."

जेवून निघाला. बोरीहून राजुरी म्हणजे काय, विडी पेटवून संपेस्तोवर यावं. दोन्ही बाजूंना ऊस. लोडशेडिंग, त्यामुळं वस्त्यांवरही उजेड नाही. गडू शेजारच्या सीटवर. खड्डा आला की आतलं पाणी डुचमळायचं, आणि हा एका हातानं तो सावरायचा.

ओढा ओलांडला. मागून आवाज आला.

चुक्...

त्याला वाटलं, चाकातून हवा जातेय. आत्ताच तर पंक्चर काढलेलं. जीप थांबवली. इंजिन बंद केलं.

चुक्... चुक्...

आवाज बाहेर नव्हता. जीपमध्ये होता.

कपिल मला म्हणाला, "गुर्जी, मी मागं बघितलं न्हाई. बिबट्या असता तर बघितलं असतं." आरशात बघायचंही त्यानं टाळलं. ओल्या कापडाचा वास आला. शिळ्या, आंबूस पाण्याचा.

त्यानं किल्ली फिरवली. जीप चालू झाली. बरं वाटलं त्याला, इंजिनच्या आवाजात बाकीचं ऐकू येणार नाही. दुसरा गिअर टाकला...

अगदी मानेमागं. हळू.

"किती राहिलं, राव?"

...

त्याचा पाय ब्रेकवर गेला, की जीप आपोआप थांबली, त्याला आठवत नाही. तोंडाला कोरड पडलेली. पळावं म्हटलं तर पाय नाहीत. अंधार. ऊससुद्धा हलत नव्हता.

चुक्... चुक्... चुक्...

भराभर. लहान मूल आईला लुचतं तसं.

आणि कपिलला भीतीपेक्षा दुसरंच काही झालं. त्याला स्वतःचे वडील आठवले. त्यानं डाव्या हातानं गडू उचलला. मान न वळवता, खांद्यावरून मागं धरला. तोंडातून शब्द आले तेही तेच, जे वडिलांना म्हणाला होता.

"सावकाश घ्या, बाबा. घाई न्हाई."

हातावरचं वजन गेलं.

कुणीतरी घेतलं.

मग घोट. एक... थांबून दुसरा. मोठा. घशातून उतरलेला स्पष्ट ऐकू येणारा. मग एकामागून एक. एवढासा गडू, पण पिणं संपेना. कपिल डोळे मिटून बसला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही हात हलेना.

मग एक लांब सुस्कारा.

आणि गडू परत तळहातावर. गार.

कसाबसा तो राजुरीत पोचला. कुंडलिकच्या अंगणात जीप उभी केली. चिमाबाई कंदील घेऊन बाहेर आल्या. म्हातारी कपिलकडं बघायच्या आधी जीपच्या मागच्या सीटकडं बघायला लागली. कंदील खाली ठेवला. दोन्ही हातांनी डोक्यावरून पदर घेतला, अगदी कपाळापर्यंत. तशी ती फक्त नवरा घरी आला की घ्यायची.

"कुंडल्या," ती आत बघून म्हणाली, "बाहीर ये. त्ये आल्यात."

कुंडलिक आला. कपिलच्या हातात गडू दिसला. गडू घेतला, जीपच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दार उघडायची हिंमत होईना.

"बाबा... घरात चला. जमिनीवर हातरून घालतो. फोडतो गडू. आत्ता फोडतो... चला बाबा."

काही नाही.

"बाबा..."

जीपचा मागचा भाग जरासा वर उचलला गेला. माणूस उतरल्यावर उचलतो तेवढाच. अंगणातला कुत्रा उठला. भुंकला नाही. शेपटी हलवत जीपजवळ आला, मग कुणाच्या तरी पायाशी चालावं तसा रस्त्याच्या बाजूला निघाला. घराच्या बाजूला नाही. फाटकापर्यंत गेला... आणि तिथं बसून अंधाराकडं बघत राहिला.

चिमाबाई म्हणाली, "गेले."

तेव्हा कुंडलिकनं हातातला गडू हलवला. परत हलवला. कानाशी नेला.

आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी कपिल पुण्याचं भाडं सोडून माझ्याकडं आला. त्याच्या कानांकडं मी आधी बघितलं. पांढरे होते. मी म्हटलं, येडा आहेस, तळाला भोक असेल, गळला असेल सीटवर. सीट कोरडी होती. तरी त्याला घेऊन राजुरीला गेलो. गडू हातात घेतला. अंड्याच्या टरफलासारखा हलका. लाख जशीच्या तशी, जुनी, काळी पडलेली, तिला साधी चीरही नाही. मी मास्तर माणूस, पुराव्याशिवाय हलणार नाही. बादली मागवली. पाणी भरलं. गडू तळापर्यंत बुडवून दाबून धरला. भोक असतं तर आतली हवा बाहेर आली असती ना?

एक बुडबुडा आला नाही.

मी परत दाबला. उलटा करून, आडवा करून. हात दुखायला लागले. बादलीतलं पाणी अगदी गप्प.

कुंडलिक उंबऱ्यावर बसून सगळं बघत होता. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, गुर्जी. कशाला तपासताय. प्याले त्ये. पोटभर प्याले..." मग उठला. माझ्या हातातून ओला गडू घेतला, सदऱ्यानं पुसला, आणि म्हणाला, "फकस्त माज्या हातचं न्हाई प्याले."

आजही जा कधी त्याच्या घरी. जिथं बाबांना जमिनीवर घ्यायचं होतं, तिथं तो रोज रात्री पाण्यानं भरलेला तांब्या ठेवतो. सकाळी उठून बघतो. तांब्या काठोकाठ भरलेला असतो. आणि वर देवघरात तो गडू. लाखबंद, रिकामा.