शेवटचा दीड सेंटिमीटर

शनिवारी चहा झाला की गोपाळकृष्ण सर कपाट उघडून आनंदीबाईंचा कंगवा बघत. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. कंगव्यात केस सापडे. एकच, लांब, काळाभोर. आनंदीबाई हयातभर शुक्रवारी न्हायच्या.

आता सर म्हणजे चाळीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या तर घड्याळ बघणारा. त्यांनी कंगवा साबणाने धुतला, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. शनिवारी केस होताच. कामाला येणाऱ्या इंदुबाईंचं डोकं पार पांढरं, तेव्हा तोही संशय फिटला. मग सरांनी चौकशी सोडून दिली. खरं सांगायचं तर त्यांना ती करायचीच नव्हती. आठवड्यातून एक केस, पण तेवढ्यावर त्यांचे सहा दिवस निघत.

पंचाईत पुढेच झाली. सर राहत होते ती कसबा पेठेतली इमारत पाडायची ठरली. मुलाने, आमोदने, वाघोलीला फ्लॅट घेतला होता. दीड महिन्यापूर्वी वास्तुशांत झाली, तेव्हा आईची तसबीर त्याने तिकडच्या भिंतीवर लावलीसुद्धा. सरांनी तिथे कपभर चहा घेतला आणि संध्याकाळच्या आत घरी परतले. आता येत्या रविवारी सामान हलणार होतं. आपण गेलो आणि ती इथेच राहिली तर? हे बोलणार कुणाशी!

त्यात उशाच्या तांब्यातलं पाणी हल्ली मचूळ लागत होतं.

"इंदुबाई, टाकीत मीठ टाकलंय का कुणी?"

"गोड तर हाय की पाणी, सर. मी त्याच नळाचं भरून ठेवते आन् पितेबी." इंदुबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "जीभ म्हातारी झाली तुमची."

"जीभ एकटीच झाली असती तर बरं होतं," सर म्हणाले.

सामान हलायच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी इंदुबाई चार दिवसांसाठी गावी गेल्या. सोमवारी सकाळी सरांनी तांब्या रिकामा करून पालथा घातला आणि पाणी स्वयंपाकघरातल्या माठातलं प्यायले.

बुधवारी दुपारी ते तनयाकडे गेले. तनया त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता समस्थानिकं मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. घर सोडायचं ठरल्यावर न राहवून सरांनी तिच्याकडे आधीच दोन केस दिले होते: एक कंगव्यातला, एक तुलनेसाठी स्वतःचा. कंगव्यातला कुणाचा, हे सांगितलं नव्हतं.

"सर, हा लांब केस जुना नाहीये. कार्बनवरून तरी गेल्या एक-दोन वर्षांतलाच वाटतो."

सरांनी कप बशीत ठेवला.

"केसात पाणी कुठलं दिसतंय?"

"धरणाचं, पेठेतल्या नळाला येतं तेच. तुम्हीच शिकवलंत ना, अणू तोच, इलेक्ट्रॉन तेवढेच, पोटात एखादा न्यूट्रॉन जास्त म्हणून वजन जास्त. ऊन धरणातलं हलकं पाणी आधी उचलतं, जड मागे राहतं. तो जडपणा केसात उतरलाय. पण मुळाकडचा शेवटचा दीड सेंटिमीटर वेगळाय, सर. बोअरचं पाणी."

"दीड सेंटिमीटर म्हणजे..."

"साधारण दीड महिना. आमच्याकडे आसपासच्या गावांचे नमुने आहेत. सगळ्यात जवळ जुळतं ते वाघोलीचं."

सरांनी चष्मा काढला. म्हणजे ती तसबिरीबरोबरच गेली होती! कंगवा इथे राहिला म्हणून शुक्रवारची तेवढी यायची. आणि आपण वेड्यासारखे तिच्यासाठी इथे अडून बसलो. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. तनयाने कागद चाळण्याचं निमित्त केलं.

"सर, एक विचारू? तुम्ही वाघोलीला कधी शिफ्ट झालात?"

"येत्या रविवारी होतोय."

तनयाने कागद पुन्हा उलटून बघितला.

"मग तुमचा केस असा का आलाय? सेम. शेवटचा दीड सेंटिमीटर."

"मशीन बिघडलं असेल."

"दोनदा लावलं, सर."

सर घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. कुलूप त्यांनीच उघडलं. घरात कोंदट ऊन होतं. बांधलेली खोकी जिथल्या तिथे होती.

उशाशी तांब्या सरळ उभा होता. वर फुलपात्र उपडं घातलेलं.

सरांनी तो उचलला. जड होता.

बाहेरून ओला होता.

त्यांनी फुलपात्रात पाणी ओतलं आणि एक घोट घेतला. मचूळ, जरासं खारट. बोअरचं.

"येतोय गं रविवारी," ते खोलीकडे बघत म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. "एवढी कसली घाई?"

मग त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं. तांब्याखालच्या वर्तमानपत्रावर ओलं वर्तुळ उमटलं होतं, आणि ते अजून पसरत होतं.