तीन आखूड घंटा

चोरून ऐकायची खोड आमच्या घरातच होती, हे आधीच कबूल करते. अमेरिकेतल्या मोंटानात, आमच्या माळावर गुरं पाळणाऱ्यांच्या सहा रँचेस होत्या आणि सगळ्यांचा टेलिफोन एकाच लाइनीवर, कुंपणाच्या काटेरी तारेतून चालणारा. आमची घंटा दोन लांब, शेजारच्या टॉर्गर्सनांची तीन आखूड. पण वाजो कुणाचीही, रिसीव्हर सगळ्याच बायका उचलायच्या. नियम एवढाच, की ऐकणाऱ्याने तोंड उघडायचं नाही.

त्या जानेवारीत मी नऊ वर्षांची होते. दुपारी तीनला हिमवादळ उठलं आणि अंगणापलीकडचा गोठा दिसेनासा झाला. गाई पिळायच्या राहिल्या होत्या. अशा वेळेसाठी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधलेला असे. तो हातातून सुटला, की माणूस स्वतःच्या दारापासून दहा पावलांवर गोठून मरायचा.

"दोर सोडू नकोस हं, एझ्रा," आई बाबांना म्हणाली.

"चुलीवरचे बीन्स सोडून जातोय कुठे मी!" बाबा हसले आणि बादली घेऊन बाहेर पडले.

अर्धा तास गेला. मग घंटा वाजली. तीन आखूड.

टॉर्गर्सन हिवाळ्याआधीच सगळं विकून गेले होते. त्यांचं घर रिकामं होतं. तरी सवयीने आईने रिसीव्हर उचलला, मी टाचा उंचावून कान लावला. आधी नुसता वारा. मग बाबांचा आवाज.

"लिओटा… दोर सुटला गं… दिवा दिसला म्हणून इथे आत आलो. चूल पेटलीय… कुणीतरी माझं ताट वाढतंय…"

आईने नियम मोडला. "बसू नकोस तिथे! घरी ये, एझ्रा, घरी ये!"

तेवढ्यात दार उघडलं. बाबा! अंगभर बर्फ, हातात भरलेली बादली.

"कुणावर ओरडतेस? गोठ्यातच तर होतो."

आम्ही दोघी त्यांना बिलगून रडलो. त्यांच्या डाव्या हातात मोजा नव्हता. ताज्या दुधातून वाफ येत नव्हती, हे मला पुढे आठवलं.

जेवायला बसलो आणि पुन्हा तीन आखूड.

"नको उचलूस," बाबा हळूच म्हणाले.

आईने उचललाच.

"बसलो नाही मी, लिओटा… उभाच आहे. पण आपलं दार सापडत नाही गं…"

आईने रिसीव्हर ठेवला आणि मला इतकं घट्ट धरलं, की खांदा दुखला. पुढची तीस वर्षं त्या माणसाने आम्हाला सांभाळलं, कधी आवाज चढवला नाही. तरी जिन्यावर त्याचं पाऊल वाजलं, की मी आईजवळ जाऊन बसायचे. तो घरात असतानाही आई रोज दारात कंदील लावायची.

बर्फ वितळल्यावर आम्ही दोघी टॉर्गर्सनांच्या घरी गेलो. वाटेत त्यांच्याकडे जाणारी टेलिफोनची तार तुटून ओहोळात गंजत पडली होती. आत टेबलावर एक ताट, आणि शेजारी आईने विणलेला डाव्या हाताचा मोजा. खुर्चीवर मात्र धुळीचा जाड थर होता. त्यावर कुणी बसलंच नव्हतं.